‘या’ गावच्या जवानाची बातमी

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना आमचे हे म्हणतात, "ही पेपरात होती." तेवढ्यावर थांबले तर बरं, पण थांबत नाहीत. "नंतर ऑनलाइनला होती. मोबाइलवर ते ‘पाहून तुम्हालाही बसेल धक्का’ येतं ना, ते हिचं!" मग समोरचा माणूस माझ्याकडं असा बघतो, की त्याच्या फोनची बॅटरी मीच उतरवली आहे. आमच्या आत्तेसासूबाईंनी तर एकदा भर पंगतीत विचारलं, "काय गं कुंदा, एवढा धक्का-धक्का लिहितेस, मला आजवर एकदाही कसा बसला नाही?"

असो. हो, ते माझंच काम. आयुष्यातली बरीच वर्षं सांगलीला छापील पेपरात गेली आणि शेवटची सात साताऱ्याला, त्याच पेपरच्या वेब आवृत्तीत. काम एकच, दुसऱ्यानं लिहिलेल्या बातमीला डोकं लावायचं. म्हणजे हेडिंग द्यायचं. मी किती हजार हेडिंगं दिली असतील याचा हिशोब नाही, आणि त्यातली नव्याण्णव टक्के मला आता आठवतही नाहीत.

आठवतं ते एक. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तरीही त्या हेडिंगमुळं एक बाई चार तास आपला मुलगा गेला असं समजून घरात बसून होती. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते, पण तिनं फक्त एक प्रश्न विचारला. तो सांगायचा तर आधी हा धंदा कसा चालतो ते सांगायला हवं.

सांगलीला माझे गुरू म्हणजे इनामदार सर. मुख्य उपसंपादक, पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं आणि नाकाच्या शेंड्यावर राग. ते म्हणायचे, "मथळा म्हणजे घरावरची पाटी. आत कोण राहतं ते पाटीवर पाहिजे. बेल वाजवून विचारायला लागत असेल तर पाटी लावली कशाला?" छापील पानावर जागा ठरलेली. एका कॉलमात जेवढी अक्षरं मावतील तेवढीच. ‘पलूस’ला काही घडलं की आम्ही खूश, तीन अक्षरांत काम. पण कवठेमहांकाळला काही झालं की कपाळाला हात! एक कॉलम तर त्या गावाच्या नावातच संपायचा. तरीही नाव टाळायची टाप नव्हती. "कुठं? कोण? काय?" सर टेबलावर पेन आपटत विचारायचे. ही तीन उत्तरं वर असली की खालची बातमी कुणी वाचो न वाचो, आपलं काम झालं.

मग माझी बदली साताऱ्याला झाली आणि इनामदार सरांची पाटी पहिल्याच दिवशी उतरली.

वेब आवृत्तीची प्रमुख होती ऋतुजा. पाचगणीची, माझ्या लेकीच्या वयाची, आणि माझी साहेब. मी पहिल्याच दिवशी पलूसच्या बातमीला डोकं दिलं : ‘पलूसजवळ विहिरीत पडलेल्या बिबट्याची सुटका.’ कुठं, कोण, काय, सगळं आलं. ऋतुजानं वाचलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "कुंदाताई, छान आहे. पण आता आत कशाला जायचं?"

"म्हणजे?"

"सगळं बाहेरच कळलं की. बिबट्या पडला, सुटला, झालं. वाचणारा पुढं गेला."

तिनं दोन मिनिटांत ते बदललं : ‘विहिरीत डोकावला अन् पायाखालची जमीनच सरकली, ‘या’ गावात नेमकं काय घडलं?’ आणि मला भिंतीवरचा टीव्ही दाखवला. त्यावर सीरियल लागत नाही. या क्षणी कोणती बातमी किती जण वाचताहेत ते त्यावर दिसतं. आकडा वर चढला की हिरवा, घसरला की लाल. माझा बिबट्या लाल होता. तिचा हिरवा झाला, आणि चढतच राहिला.

तर वाचकहो, धंद्यातलं गुपित एवढंच. गावाचं नाव काढायचं आणि तिथं ‘या’ घालायचं. वस्तूचं नाव काढायचं आणि ‘हे’ घालायचं. त्याला एकेरी अवतरण द्यायचं. ‘आणि’ला ‘अन्’ करायचं. त्या सात वर्षांत मी ‘आणि’ लिहिल्याचं मला आठवत नाही. शेवटी प्रश्नचिन्ह. माणसाला अर्धवट काही सांगितलं की त्याचा जीव तिथं अडकतो. चावडीवर कुणी "तुला कळलं का?" म्हणून गप्प बसला तर आपण त्याला सोडतो का? तसंच हे.

मी शिकले. आणि खोटं कशाला बोलू, मला गंमत यायला लागली. छापील पेपरात आपलं वाचलं की नाही हे कधी कळायचंच नाही. इथं हेडिंग दिलं की पाच मिनिटांत भिंत उत्तर द्यायची. पन्नाशी उलटलेल्या बाईला रोज कुणीतरी शाबासकी देत असेल तर ती कशाला सोडेल?

फजित्याही झाल्या. पाचगणीच्या एका सुनेनं गच्चीवर कुंड्यांतून स्ट्रॉबेरी पिकवली. बातमी गोड होती, पण सरळ हेडिंगला चाळीसएक माणसांनी वाचली, त्यात तिचं माहेर निम्मं. मी डोकं बदललं : ‘सासूनं नाक मुरडलं, पण सुनेनं गच्चीवर करून दाखवलं ‘हे’.’ दुपारपर्यंत आकडा कुठल्या कुठं गेला. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन. "आवं म्याडम, सासूबाईंनी नाक कवा मुरडलं? त्यांनीच तर रोज पाणी घातलंय! आता त्या माझ्याशी बोलंनात." पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, "इचार तिला, माझं नाक बघितलंय का तिनं!" मी माफी मागितली, हेडिंग बदललं, दोघींची नावं घातली. आकडा लगेच लाल झाला.

आणि एकदा पलूसकडच्या एका शेतकऱ्याचा फोन. पुन्हा बिबट्याच. आमच्याकडं बिबट्याची बातमी कायम चालते. "म्याडम, ‘या’ गावच्या शिवारात बिबट्या, असं लिवलंय तुमी."

"हो."

"‘या’ म्हंजी कुठल्या? मला उसाला पाणी पाजायला जायचंय. जाऊ का नको, तेवढं सांगा."

"अहो, बातमी उघडा ना, आत लिहिलंय."

"उघडली. आदी गाडीची जाहिरात आली, मग गुडघंदुखीचं तेल आलं. मी मोटर चालू करायला उभा हाय, तेल कुठं बघू?"

मी त्याला गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवल्यावर ऋतुजाला हा किस्सा नक्कल करून सांगितला. आम्ही दोघी खूप हसलो. त्या माणसानं मला इनामदार सरांचाच धडा फुकटात दिला होता, पण तेव्हा तो माझ्या डोक्यात शिरला नाही.

मग तो दिवस आला.

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या कोरेगावच्या बातमीदाराचा निरोप आला. उत्तरेत डोंगराळ भागात लष्कराची एक गाडी उलटली. तीत कोरेगाव तालुक्यातला एक जवान होता, नाव सचिन. पाय मोडला, जिवाला धोका नाही, शुद्धीवर आहे, भावाशी फोनवर बोललाही. बातमीदार चांगला, सगळं नीट विचारून घेतलेलं. जवानाचं नाव, गावाचं नाव, प्रकृती, सगळं माझ्यासमोर.

मी लिहिलं : ‘कोरेगाव तालुक्यातील ‘या’ गावच्या जवानाच्या गाडीला भीषण अपघात, अख्ख्या गावाचा जीव टांगणीला.’

नाव आणि मोडलेला पाय तिसऱ्या परिच्छेदात. आकडा असा चढला की ऋतुजानं खुर्चीतून उठून टाळी दिली. मी डबा उघडला आणि शांतपणे जेवले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी तेव्हा जेवत होते.

त्यानंतर आठवडाभरानं सकाळी अकराला एक बाई ऑफिसात आल्या. माझ्याच वयाच्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. दारातल्या शिपायाला म्हणाल्या, "ही बातमी ज्यानं लिवली त्याला भेटायचंय." आणि सुनेचा मोबाइल पुढं केला. त्यावर माझ्या हेडिंगचा फोटो होता. बातमी नाही, फक्त हेडिंग. लिंक उघडायला वेळ लागतो, गुडघेदुखीचं तेल आडवं येतं. फोटो मात्र एका बोटात पुढं जातो. साताऱ्यात बसून मी भिंतीवरचे आकडे मोजत होते, आणि तिकडं तालुक्यातल्या गावागावांच्या ग्रुपवर बातमीचं नुसतं डोकंच फिरत होतं, धडाशिवाय.

बाईंचं नाव शालन. गाव आंबेवाडी, कोरेगाव तालुका. मुलगा संदीप, फौजेत, आणि त्या दिवसांत त्याच डोंगराळ भागात.

मी त्यांना खुर्ची दिली. ऋतुजा पाणी घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. शालनताईंनी आवाज चढवला नाही. घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगत गेल्या.

"मी घेवडा निवडत व्हते. भाईर बघितलं तर सुभेदारमामा येऊन कट्ट्यावर बसल्यालं. मग तात्या आलं. मग आनि चौघं. ऊस कवा तुटणार, ह्याच्यावर बोलत्यात. आवं, तात्याचा ऊस तुटून म्हैना झाला व्हता! तवाच मी घेवडा बाजूला सारला."

इथं बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडच्या फौजी गावांत एक रीत आहे. वाईट बातमीचा वास आला की सरकारी निरोप येईपर्यंत घरच्यांना कुणी काही बोलायचं नाही. पण त्या घराला एकटंही सोडायचं नाही. म्हणून माणसं दारासमोर येऊन बसतात आणि ऊसपाण्याच्या गप्पा मारतात. कुणीतरी हळूच टीव्हीची केबल काढतं. शेजारीण काही कारण नसताना भाकरी घेऊन येते. घरातल्या बाईला कुणी काही सांगत नाही, आणि तिला सगळं कळतं.

आंबेवाडीच्या माणसांनी रीत तंतोतंत पाळली होती. ‘या’ गावचा जवान म्हणजे आपल्याच गावचा, कारण त्या भागात आपला संदीपच आहे, असं त्यांनी धरलं. संदीपचा फोन लागेना. मग ती भली माणसं माझं हेडिंग वाचून चुकीच्या दारात जाऊन बसली.

"धा वर्सामागं माझ्या जावंच्या दारात अशीच बसली व्हती," शालनताई म्हणाल्या. "मला इचारायची गरजच न्हाई पडली."

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? सुनंला म्हनलं, जेवून घे. ती म्हनली, आत्या, आत्ताच तर च्या झाला. म्हनलं, गप बस आनि खा. एकदा का त्यांनी तोंड उघडलं की ही पोर चार दिस अन्नाला शिवायची न्हाई, मला ठावं. समोर बसवून दोन भाकरी खाऊ घातल्या. दही वाढलं. ती हसून म्हनली, आज लय लाड चाललाय माझा. मी म्हनलं, व्हय, चाललाय."

ऋतुजा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"चार वाजता फोन आला. संदीपचाच. ‘आये, जेवलीस का?’ म्हनला. मी त्याला शिव्या घातल्या, ताई. पोटभर. कशापायी, माझं मलाच ठावं न्हाई. सुभेदारमामा कट्ट्यावरनं उठलं ते धोतराच्या सोग्यानं डोळं पुसतच घरी गेलं."

मग त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "तुमी हे लिवलं तवा तुमाला त्या पोराचं नाव ठावं व्हतं का?"

हाच तो प्रश्न. उत्तरं माझ्याकडं बरीच होती. बातमी घाईत आली, नाव नंतर कळलं, आत दिलंच होतं की, तुमच्या लोकांनी उघडायला नको का. एक जिभेवर आलंही. पण त्या बाईनं सुनेला दही वाढलं होतं. तिच्यापुढं खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"होतं," मी म्हणाले. "नाव, गाव, पायच मोडलाय हे, सगळं ठाऊक होतं."

"मग वर का न्हाई लिवलं?"

"लोकांनी आत येऊन वाचावं म्हणून."

"आलं की लोक," शालनताई म्हणाल्या. "माझ्या दारात आलं."

मी हात जोडले. मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. शालनताईंनी माझा हात धरून खाली केला. "तुमाला रडायला लावायला न्हाई आले मी. एवढंच सांगायला आले. पुन्यांदा लिवायचं झालं तर नाव आदी घाला. वाईट असलं तरीबी घाला. ज्याचं हाय त्याच्या दारात मानसं जाऊ द्यात. बाकीच्यांच्या चुली पेटू द्यात."

जाताना त्यांनी पिशवीतून घेवड्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. भांडायला आलेली बाई! "रिकाम्या हातानं कसं यायचं?" म्हणाल्या. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि एसटी हलेपर्यंत तिथंच उभी राहिले.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली ते सांगते. मी फौजीची मुलगी आहे. माझे वडील वर्षानुवर्षं सीमेवर होते. त्यांचं पत्र यायचं ते निळ्या अंतर्देशीय कागदावर. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून वडील पत्राच्या वर, मायना लिहायच्याही आधी, एकच शब्द मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहायचे : ‘सुखरूप’. आईला त्या एका शब्दाचा आकार पाठ होता. पोस्टमन दारातून वळायच्या आत तिनं तो बघितलेला असायचा. मग पत्र दोन दोन दिवस तसंच भिंतीतल्या देवळीत पडून राहायचं. मी शाळेतून आल्यावर, जेवण झाल्यावर, सावकाश वाचून दाखवायची. आईला घाई नसायची.

माझ्या आयुष्यातलं पहिलं हेडिंग माझ्या बापानं लिहिलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं विसरून गेले होते. माणसाचं लक्ष कशानं वेधलं जातं, हे मी भिंतीवरच्या टीव्हीला विचारत बसले. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी ऋतुजानं फळ्यावर लिहिलं : ‘जवान, अपघात, मृत्यू. नाव आणि गाव पहिलं. प्रकृती हेडिंगमध्येच.’ मला काही न विचारता लिहिलं. मी म्हणाले, "आकडा पडेल गं." ती म्हणाली, "पडू दे." या मुलीचे उपकार मी वेगळे मानते. तिला वरच्यांना उत्तर द्यायचं होतं, मला नव्हतं.

आकडा पडलाच. महिन्याभरात मुख्य कचेरीतून फोन आला. ऋतुजानं तो मोठ्या आवाजावर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून. "जवानांच्या बातम्या आपल्या भागात सगळ्यात जास्त चालतात, आणि तुम्ही सगळं बाहेरच सांगून टाकताय?"

ऋतुजा शांतपणे म्हणाली, "सर, सांगलीच्या पुरात आपण ‘कृष्णेचं पाणी ‘इतक्या’ फुटांवर’ असं हेडिंग दिलं होतं का?"

"छे! पुरात कसं देणार? लोकांनी ऑफिस फोडलं असतं."

"फौजी गावांत रोजच पूर असतो, सर."

"बघा बाई तुमचं तुम्ही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी उठून ऋतुजाला टाळी दिली. या वेळची टाळी माझी होती.

आम्ही एकदम साधुसंत झालो असं मात्र समजू नका. स्ट्रॉबेरीला ‘हे’ चालूच राहिलं. बिबट्याच्या गावाचं नाव मी हट्टानं घालायला लागले, पण ‘अन्’ काही सुटला नाही. पोटाचा धंदा होता, आणि थोडी खाजही होती. मात्र फळ्यावरची ती ओळ मी निवृत्त होईपर्यंत कुणी पुसली नाही. हळूहळू एक गोष्ट घडली. गावांकडून फोन यायला लागले : "म्याडम, आमच्या ग्रुपवर एक बातमी फिरतीय, नाव न्हाई त्यात. तुमच्यात काय हाय?" ‘तुमच्यात’ म्हणजे आमच्या पेपरात. हा आकडा भिंतीवर दिसत नाही.

पुढच्या वर्षी ती बातमी खरीच आली. कोरेगाव तालुक्यातलाच एक जवान गेला. घरच्यांना अधिकृत निरोप पोचेपर्यंत आम्ही एक अक्षर टाकलं नाही. बाकीच्यांचं ‘या’ तोवर सगळीकडं फिरत होतं. निरोप पोचल्याची खात्री झाल्यावर मी त्या मुलाचं नाव लिहिलं, मग गावाचं, मग बातमी. इतकं साधं हेडिंग लिहायला मला आयुष्यात कधी एवढा वेळ लागला नव्हता. त्या आईच्या दारात आता माणसं बसलेली असतील, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शालनताईंचा फोन आला. "ताई, बरोबर लिवलंत." मग म्हणाल्या, "ग्रुपवर आलं तवा सून माझ्याकडं बघाय लागली. म्हनलं, नाव वाच आदी. तिनं वाचलं. मग आमी दोघींनी चूल पेटवली आनि भाकरी बांधून त्यांच्याकडं गेलो." मी नुसतं "बरं केलंत" म्हणाले.

माझ्या निवृत्तीचा महिना आणि संदीपच्या निवृत्तीचा महिना एकच निघाला. नोकरी पुरी करून तो घरी येणार होता. शालनताईंनी फोन केला. "ताई, बातमी घालनार का?" आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यात बातमी काही नव्हती. पराक्रम नाही, पदक नाही. आमच्याकडं दर महिन्याला असे कितीतरी जण पेन्शनीत येतात. मी ऋतुजाकडं बघितलं. ती म्हणाली, "कुंदाताई, तुमचं शेवटचं हेडिंग आहे. काय घालायचं ते घाला."

मी शालनताईंनाच विचारलं, "तुम्ही सांगा, काय लिहू?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

‘आंबेवाडीचा संदीप सुखरूप घरी.’ मी जसंच्या तसं टाकलं. खाली मात्र मन लावून चार परिच्छेद लिहिले. संदीपची नोकरी, डोंगरातली थंडी, घेवड्याचं शिवार, गावची रीत. माझ्या सगळ्या उमेदीतलं चांगलं लिहिणं मी त्यात ओतलं. भिंतीवरचा आकडा दिवसभर लाल राहिला. आतमध्ये मोजून अकरा माणसं आली, त्यात एक आमचे हे.

पुढच्या रविवारी आंबेवाडीला जेवणाचं बोलावणं होतं. गावात शिरतानाच हलगी ऐकू आली. शालनताईंच्या दारासमोरच्या कट्ट्यावर सुभेदारमामा बसलेले, शेजारी तात्या, आणखी चौघं. हातात चहा. ऊस कधी तुटणार यावरच बोलत होते. मी नमस्कार केला तर तात्या म्हणाले, "आज खरंच उसाचं बोलतोय हां, ताई. अजून तुटायचाय." कट्टाभर हसू पसरलं. उंबऱ्यात संदीप उभा होता, मुलाला खांद्यावर घेऊन. आईला आवाज देऊन म्हणाला, "आये, पेपरवाल्या मावशी आल्या."

शालनताईंनी मला पाटावर बसवलं. सुनेनं ताट आणलं. घेवड्याची आमटी, भाकरी, आणि शालनताईंनी स्वतःच्या हातानं वाढलेलं दही. ते वाढताना त्या माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. सुनेनं मोबाइल दाखवला. माझ्या हेडिंगचा फोटो त्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर होता, शिवाय पुण्याच्या नातेवाइकांच्या, बेळगावच्या मामांच्या, संदीपच्या तुकडीतल्या पोरांच्या. अकरा माणसं आत आली होती, पण ते डोकं कुठं कुठं जाऊन पोचलं होतं याचा पत्ता आमच्या भिंतीला कधीच लागला नसता.

तरी माणसाची खोड. मी विचारलंच, "शालनताई, आत वाचलंत का? चार परिच्छेद लिहिलेत मी. चांगले जमलेत."

"न्हाई बा," भाकरी मोडून माझ्या ताटात घालत त्या म्हणाल्या. "वाचू की सावकाश. आता कसली घाई?"